सिडोनियसचं दुसरं पत्र

कॉलेजात इतिहास शिकताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली गेली होती: रोम कोसळलं आणि युरोपच्या ताटात उरली पेज नि खारवलेलं डुकराचं मांस. पुरावा म्हणून सिडोनियस. पाचव्या शतकातला हा गॉलचा, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा, उमराव बर्गंडियन या जर्मानिक टोळीतल्या लोकांच्या तोंडाला येणाऱ्या लसूण-कांद्याच्या वासाला आणि केसांना चोपडलेल्या खवट लोण्याला वैतागला होता. परीक्षेत मीही ते लिहिलं.

त्याच सिडोनियसचं एक पत्र मला फार उशिरा वाचायला मिळालं. त्यात तो व्हिसिगॉथ या अशाच एका टोळीचा राजा दुसरा थिओडोरिक याच्या पंगतीची तारीफ करतो: ग्रीकांची नजाकत, गॉलची सुबत्ता, इटलीची तत्परता. माणूस तोच! आम्हाला मात्र फक्त लसूण शिकवला. मला याचा अजून राग येतो.

मग अँथिमस सापडला. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला या ग्रीक वैद्याने फ्रँक या आणखी एका जर्मानिक टोळीचा राजा थ्यूडेरिक याला काय खावं, कसं शिजवावं हे पत्राने कळवलं. त्यातली बैलाच्या मांसाची कृती मी कितीदा वाचली असेल! मांस आधी उकडायचं, मग व्हिनेगर, लीकचे कांदे, सेलरीचं मूळ आणि बडीशेपेच्या जातीच्या फेनेलबरोबर मंद आचेवर ठेवायचं. नंतर मध. शेवटी मिरीचे पन्नास दाणे, लवंग, उपलेट आणि जटामांसी कुटून वाइनमध्ये कालवून घालायची. वर तो सांगतो की मातीच्या भांड्यात चव जास्त चांगली येते. उपलेट आणि जटामांसी! हिमालयातली मुळं फ्रँकांच्या हंडीत. ज्याला चवीची पर्वा नाही अशा राजाला हे कोण लिहील?

राजेच कशाला, ७१६ च्या एका सनदेत उत्तर फ्रान्समधल्या कोर्बीच्या मठाला दक्षिणेच्या फॉस बंदरातून ३० पौंड मिरी, १५० पौंड जिरं आणि खजूर, अंजीर, बदाम मिळण्याचा हक्क दिलेला आहे. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या काळातल्या शाही जमिनींच्या नियमांत तर वाइनसाठी द्राक्षं पायांनी तुडवायलाच मनाई आहे.

तरीही ‘सडक्या मांसाची दुर्गंधी झाकायला मसाले’ हे वाक्य पुस्तकांत अजून भेटतं. पण ७३५ साली इंग्लंडमध्ये बीड नावाचा विद्वान मठवासी मरणाला टेकला होता. मठातल्या धर्मगुरूंना बोलावून त्याने आपल्या पेटीतल्या मोलाच्या वस्तू वाटल्या: रुमाल, धूप आणि मिरी.