हत्तीने आमचं भिंतीचं पाणी पिऊन टाकलं

मी मूळचा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा. हे आधी सांगतो कारण हत्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर देवळातला नाहीतर सर्कशीतला हत्ती येतो, आमच्याकडे मात्र काकाची झोपलेली केळीची बाग येते. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती तिलारी खोऱ्यात उतरले तेव्हा मी शाळेत होतो. रात्री कोणीतरी ओरडायचं "हत्ती इले रे!" आणि मग डबे, सुतळी बॉम्ब, टॉर्च, नुसती धावपळ. सकाळी माड आडवे, केळी भुईसपाट. त्यामुळे मी सुट्टी घेऊन, स्वतःच्या खिशातले पैसे घालून आफ्रिकेतल्या नामिबियात स्वयंसेवक म्हणून हत्तींसाठी दगड उचलायला चाललोय हे ऐकल्यावर काका दोन मिनिटं काही बोललाच नाही.

2019 चा ऑगस्ट. त्या वर्षी नामिबियाने दुष्काळाची आणीबाणी जाहीर केली होती. विंडहूकला उतरून स्वाकोपमुंडला गेलो (समुद्राकाठचं जर्मन वळणाचं गाव, धुकं आणि बेकऱ्या), तिथून जीपने आत डमारालँडमध्ये, उगाब नदीकडे. नदी म्हणजे वाळू हो, फक्त वाळू. वर्षातून कधीतरी थोडे दिवस पाणी वाहतं, बाकी सगळं जमिनीखालून. पण त्या खालच्या पाण्यावर काठाने ॲनाची मोठी झाडं उभी आहेत, त्यांच्या शेंगा हत्तींना भलत्या आवडतात, आमच्याकडे फणस आवडतो तसं. लांब बघावं तिकडे ब्रँडबर्ग, 2573 मीटर, देशातला सगळ्यात उंच डोंगर, संध्याकाळी अक्षरशः तांबडालाल.

हे वाळवंटी हत्ती म्हणजे काही वेगळी जात नाही बरं का, आफ्रिकेतलेच नेहमीचे सव्हाना हत्ती, फक्त कमी पाण्यात जगायला शिकलेले. वेळ पडली तर दोन-तीन दिवस पाण्याशिवाय काढतात आणि मग मिळालं की एका दमात पिऊन घेतात. भांडण तिथेच सुरू होतं. लढाई आणि शिकारीच्या काळात उगाबच्या पट्ट्यातून हत्ती गेलेच होते, दरम्यान दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीने डमारा लोकांना या शेतांवर आणून वसवलं, आणि नव्वदच्या दशकात हत्ती परत आले. म्हणजे ज्यांनी जन्मात हत्ती पाहिला नाही त्यांच्या दारात हत्ती. आमच्या गटाचा लीडर हे सांगत होता आणि मी मनात म्हणतोय, अरे ही तर आमचीच गोष्ट.

काम काय तर पाण्याच्या टाकीभोवती गोल दगडी भिंत बांधायची. शेळ्यामेंढ्यांसाठी बोअरचं पाणी टाकीत येतं, हत्तीला वास लागला की तो पाइप उपटतो, पंप मोडतो, कधी टाकीच फोडतो. भिंत साधारण दोन मीटर उंच आणि टाकीपासून एवढी लांब की बाहेर उभं राहून सोंड आत पोचता कामा नये. बाहेर जमिनीलगत हत्तींसाठी वेगळा हौद. पुण्यात मी साइट सुपरवायझर, रोज दुसऱ्यांना "माल पातळ झाला, ओळंबा बघ" म्हणून ओरडणारा. इथे पहिल्यांदा स्वतः फावड्याने माल कालवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चमचा धरता येईना. दगड पायाने हलवल्याशिवाय उचलायचा नाही, खाली विंचू असतो. अंघोळ बंद, ओल्या टिश्यूने तोंड पुसायचं, जमिनीवर गादी टाकून झोपायचं आणि रात्री अशी थंडी की मी कानटोपी घालून स्लीपिंग बॅगेत.

शेत एका म्हाताऱ्या बाईंचं. सगळे त्यांना ओमा म्हणायचे, म्हणजे आजी. ओमा पहिले चार दिवस आमच्याशी बोलल्याच नाहीत. खुर्ची टाकून लांब बसायच्या. दोन वर्षांत दोनदा पंप गेला होता आणि आता ही गोरी पोरं (आणि एक मी) येऊन हत्तींना वाचवणार म्हणतात, राग येणारच. काकाच्या अंगणात कोणी जंगलखात्याचं आलं की काका असाच बसतो.

पाचवा दिवस. भिंत चारातले तीन हिस्से झालेली, एका बाजूला तोंड उघडं, तिथे आमचे दगड पसरलेले. पाइपचं काम होतं म्हणून सकाळीच व्हॉल्व्ह बंद केला होता, आणि बाहेरचा हौद कोरडा पडलाय हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. दुपारी चारच्या सुमारास मी वरच्या थरावर दगड बसवत होतो. लीडर एकदम हळू आवाजात म्हणाला, हातातलं ठेवा आणि गाडीकडे चालत जा. पळू नका. आवाज नाही, काही नाही, मला वाटलं साप असेल. वळून बघतो तर झाडीतून एक नर बाहेर आलेला, धुळीच्याच रंगाचा, एकटा. एवढं धूड येतं आणि काटकी मोडल्याचा आवाज येत नाही हे मला दोडामार्गात पण कधी कळलं नव्हतं, तिथे आमचाच आरडाओरडा एवढा असायचा.

गाडीत आठ माणसं, श्वास रोखून. तो सरळ हौदाकडे गेला. सोंड आत घातली, फिरवली, कोरडा. मग भिंतीकडे. सोंड वरून आत टाकली, लांबवली, अजून लांबवली, टाकीच्या अलीकडे साधारण हातभर कमी पडली. शेजारची जर्मन मुलगी माझं मनगट एवढं दाबून बसली होती की वळ उठले. मग तो फिरून उघड्या तोंडाशी आला. म्हटलं संपलं, पाच दिवसांची मेहनत आणि ओमाची टाकी दोन्ही गेलं. त्याने सोंडेने एकेक दगड चाचपला, एक पाय पुढे टाकला, परत मागे घेतला. मोकळ्या खडबडीत दगडांवर हत्तीला पाय टाकायला आवडत नाही, असं लीडरने नंतर सांगितलं. म्हणजे आम्ही आवरून न ठेवलेल्या पसाऱ्याने टाकी वाचवली. पुण्यात याच पसाऱ्यावरून मी लोकांना झापतो!

मग त्याला आमचे ड्रम दिसले. दोन ड्रम, दोनशे लिटरचे, माल कालवायला आणि भिंतीवर मारायला कॅम्पवरून पिकअपने आणलेलं पाणी. झाकण त्याने ताटावरचं फडकं उचलावं तसं बाजूला केलं. आणि प्यायला. सोंड भरायची, तोंडात सोडायची, तो घळघळ आवाज, मध्येच लांब सुस्कारा. एक ड्रम संपवला, दुसरा निम्म्यावर आणून पायाने आडवा केला, वर माझं घमेलं चेपलं, आणि आला तसा निघून गेला. लीडर कानाची खाच, शेपटीचे केस असं काहीतरी वहीत टिपत होता, मला मात्र उतरायला पाय सापडेनात.

आणि मागून हसण्याचा आवाज. ओमा. खुर्चीत मागे रेलून, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसत होत्या. लीडरला त्यांच्या भाषेत (मध्येमध्ये जिभेचे टक-टक आवाज) काहीतरी म्हणाल्या. त्याने सांगितलं, "आता कळलं ना, सकाळी उठून पाणी नसणं काय असतं, असं म्हणतायत." त्या संध्याकाळी आमच्याकडे माल कालवायला थेंब नव्हता. ओमांनीच व्हॉल्व्ह उघडायला लावला, टाकीतलं पाणी दिलं, आधी हौद भरा म्हणाल्या, मग तुमचे ड्रम. चहा करून दिला. मी मोबाइलवर काकाच्या बागेचा फोटो दाखवला, आडवी केळी. लीडर मधे दुभाष्या. त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, पैसे मिळाले का याचे? म्हटलं मिळाले, उशिरा आणि कमी. त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भिंतीचं तोंड बंद केलं, दर्जा (दगडांमधल्या फटी) भरल्या, निघालो.

स्वाकोपमुंडला रेंज आल्यावर काकाला फोन लावला. भिंतीचा फोटो आधीच पाठवला होता. सगळं ऐकून घेतलं त्याने, ड्रमच्या किश्शाला हसला पण. मग म्हणाला, "टाकयेक गडगो घातलंस, बरा केलंस. पण केळीच्या बागेक किती लांब गडगो घालतलंस?"

मी म्हटलं काका, आवाज तुटतोय.