पिल्लू उचलून पाण्यात का सोडत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मार्चमध्ये आमच्या पुळणीवर कासवाची पिल्लं बघायला आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच: एवढासा जीव धडपडतोय, उचलून सरळ पाण्यात का नाही सोडत?

ती चाल त्याची त्यानेच चालायची असते. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी मोठी झाली की जन्मली त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते. त्या किनाऱ्याची खूण या पहिल्या प्रवासातच तिच्यात ठसते, असं अभ्यासक मानतात.

म्हणून आम्ही पिल्लाची वाट साफ ठेवतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम सुरू केलं, नंतर कोकणातल्या बऱ्याच गावांनी ते उचललं. नोव्हेंबरपासून रोज पहाटे काळोखात निघायचं. रात्री मादी येऊन गेली असेल तर वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसतो. कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी घरटं गाठायचं, शंभरेक अंडी न फिरवता कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबायला राखलेल्या जागेत, दीड फूट खोल पुरायची आणि ४५ ते ६० दिवस थांबायचं. येताजाता कचऱ्याची गोणी भरायची आणि वहीत लिहायचं: माग किती, घरटी किती, वाहून आलेलं मेलेलं कासव, गोण्या किती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर जाळ्यांचे तुकडे फार येतात. बाटल्या लगेच दिसतात. नायलॉनचा दोरा वाळूत शोधावा लागतो, आणि मला भीती त्याचीच.

गेल्या मार्चमध्ये संध्याकाळी पिल्लांवरची टोपली उचलली, चाळीसेक पिल्लं निघाली. एक मागे राहिलं. कुणाच्या तरी टाचेच्या खड्ड्यात पडून उलटं झालं होतं, पाय हवेत. जवळ जाऊन पाहिलं तर पुढच्या डाव्या पायाला निळा दोरा, दोन वेढे. नेलकटरने कापताना माझा हात थरथरत होता. मग त्याला पाण्यात सोडलं नाही, तिथेच वाळूवर सरळ ठेवलं. क्षणभर थांबलं, मान उचलली आणि लाटेच्या दिशेने निघालं. बारा-पंधरा फूट जायला त्याला पाच मिनिटं लागली. आम्ही कुणी बोललो नाही.

तेव्हा याल तर दोरीच्या अलीकडे उभे राहा, टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. पिल्लं उजेडाकडे वळतात, वाट चुकतात. आणि मुलांना संध्याकाळी आणाल तसंच सकाळी सहालाही आणा. गोण्या आमच्याकडे आहेत.