संगमची बॅट: स्टिकर लागण्याआधी बघा

श्रीनगरहून जम्मूच्या हायवेने सुमारे ४० किलोमीटरवर, अनंतनाग जिल्ह्यात, क्रिकेट बॅट बनवणारं संगम येतं. रस्त्याकडेला विलोच्या (ज्या लाकडाची बॅट बनते त्या) फळ्यांच्या चळती दिसायला लागल्या की पोहोचलात. दुकानं नंतर. आधी मागचा कारखाना दाखवायला सांगा, कारण बॅटचं भवितव्य त्या चळतींतच ठरतं.

फळ्या हवा खेळेल अशा आडव्या-उभ्या रचून कित्येक महिने वाळवतात. घाई झाली तर ओल आत राहते, बॅट जड लागते आणि पुढे लाकूड आकसून दांड्याचा सांधा ढिला होतो. फार सुकवली तर पातं ठिसूळ होऊन तडकतं. मग प्रेस, म्हणजे यंत्राने पातं दाबणं. दाब कमी पडला तर चेंडूचे खड्डे पडतात, जास्त झाला तर बॅट मेल्यासारखी, चेंडू उडतच नाही. वेताच्या पट्ट्या चिकटवून केलेला दांडा ‘व्ही’ आकाराच्या खाचेत बसवतात. इथे नख जाईल एवढी फट दिसली तर ती बॅट तिथेच ठेवा.

ग्रेड ठरते ती लाकडातल्या रेषा, गाठी, डाग आणि वजन यांवर. रेषा सरळ हव्यात, पण त्या मोजत बसू नका. दाट रेषांची बॅट लवकर खुलते, म्हणजे चेंडू चांगला उडवू लागते, बहुधा लवकर थकतेही. लालसर पट्ट्याने ग्रेड उतरते, किंमतही. खेळात मात्र फरक पडत नाही. कमी पैशांत चांगली बॅट हवी असेल त्यांनी नेमकी हीच शोधावी. काश्मिरी विलो इंग्लिशपेक्षा घट्ट आणि जड असतो. हलकी, पांढरीफटक, अंधुक रेषांची बॅट ‘काश्मिरी’ म्हणून पुढे आली तर पॉप्लरचा (दुसऱ्याच एका लाकडाचा) संशय घ्या.

बिनस्टिकरची, बिनपॉलिशची बॅट मागा. जुना लेदर बॉल सोबत न्या, पात्यावर टप्पे द्या आणि आवाज ऐका. खणखणीत हवा, बद्द नको. काटाही न्या. मोठ्यांसाठी ११५० ते १२५० ग्रॅम पुरे. लीग खेळणाऱ्यांनी कडेची जाडी ४० मिलिमीटरच्या आत आहे ना, हे मोजूनच घ्यावं.

विमानाने परतणार असाल तर बॅट चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. घरी आल्यावर पात्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या (सांध्याला तेल लावू नका), रात्रभर आडवी ठेवा आणि लाकडी हातोडीने काही तास, हळूहळू जोर वाढवत, ठोका. कडा आणि टोकावर जास्त वेळ द्या; बॅट फुटते ती बहुतेक तिथूनच.