कॅसेट डिजिटल करायला देताय? आधी हाय-फाय ट्रॅक ऐका

घरात लग्नामुंजीच्या व्हिडिओ कॅसेट पडून असतील आणि त्या पेनड्राइव्हवर घेऊन टाकू असं मनात असेल तर दुकानात जायच्या आधी हे वाचा प्लीज. आमच्या दादाच्या मुंजीच्या कॅसेटमध्ये जे होतं ते इतकी वर्षं घरात कोणालाच माहीत नव्हतं आणि ते अगदी थोडक्यात हातचं जाणार होतं.

मुंज १९९५ ची, ठाण्यात नौपाड्यातल्या एका हॉलमधली. तेव्हाची शूटिंगची पद्धत आठवत असेल, खांद्यावर भला मोठा कॅमेरा, मागे एक पोरगा हॅलोजन आणि वायर सांभाळत, आणि कॅसेट घरी यायची तेव्हा तिच्यात लोकांचे फक्त ओठ हलायचे, आवाज सगळा सनईचा नाहीतर सिनेमातल्या गाण्यांचा. आमचीही तशीच. आजीनं त्या मुंजीसाठी मंगलाष्टकं स्वतः रचली होती, दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावं, गाव, घंटाळी देवी, सगळं त्यात गुंफलेलं, आणि माइकवर उभं राहून ती स्वतःच म्हणाली होती. तो कागद घर बदलताना कुठे गेला कोणास ठाऊक. आजी पण आता नाही. कॅसेटमध्ये ती दिसते, हातात कागद, चष्मा नाकावर घसरलेला, आणि वर सनई.

आधी स्टेशनजवळच्या एका दुकानात दिली होती. त्यांनी जी फाइल दिली त्यात जुन्या टीव्हीच्या मापाचं ४:३ चं चित्र ताणून आताच्या रुंद टीव्हीसारखं १६:९ केलेलं, सगळे बुटके आणि रुंद, आणि आवाज अर्थात सनईच. पैसे गेले ते गेले पण मला खरा राग आला तो विचारल्यावर 'जुन्या कॅसेट अशाच असतात' हे उत्तर मिळालं त्याचा, कारण नसतात हो अशा.

मग कळव्यातल्या एका रिपेअरवाल्या काकांचा पत्ता मिळाला. व्हीसीआर दुरुस्त करणारी माणसं आता शोधावीच लागतात. फुनाई ही जपानी कंपनी व्हीसीआर बनवणारी शेवटची, तिनेही २०१६ मध्ये बंद केलं, म्हणजे आता जे आहे ते जुनंच, आतले रबरी बेल्ट आणि रोलर कडक होत चाललेले. काकांनी आधी कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून टेपवर पांढरी बुरशी आहे का बघितलं, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धरतेच, आणि तशी कॅसेट मशीनमध्ये घातली की हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब होतं वर पुढच्या कॅसेटला पण लागते. आमची स्वच्छ निघाली. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवली म्हणजे इतकी वर्षं घट्ट बसलेली टेप मोकळी होते. आणि मग विचारलं, "ताई, ऑडिओ नॉर्मल ठेवू का हाय-फाय?"

मी म्हटलं फरक काय, तर त्यांनी बटण दाबूनच दाखवलं. सनई थांबली आणि हॉल ऐकू यायला लागला. भांड्यांचे आवाज, कोणीतरी "अक्षता मिळाल्या का सगळ्यांना" विचारतंय, आणि त्यावर आजीचा खणखणीत आवाज, एकेक शब्द स्पष्ट, शेवटचं 'कुर्यात् सदा मंगलम्' जरा लांबवलेलं. मी तिथेच रडले.

आता हे कसं होतं ते सांगते, कारण तुमच्या कॅसेटमध्ये पण असू शकतं. व्हीएचएसच्या, म्हणजे तेव्हाच्या नेहमीच्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटच्या, टेपवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. एक साधा लिनिअर ट्रॅक, टेपच्या कडेनं जाणारी बारीक पट्टी, ती वेगळी पुसून तिच्यावर गाणी भरता येतात, त्यालाच ऑडिओ डब म्हणायचे. दुसरा हाय-फाय, जेव्हीसीनं १९८४ च्या सुमाराला आणलेला, तो फिरत्या ड्रमवरच्या हेडनी चित्राच्याच जागेत पण जास्त खोल लिहिला जातो, त्यामुळे चित्र पुसल्याशिवाय तो पुसताच येत नाही. आमच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा हाय-फाय होता, त्यानं गाणी भरली ती फक्त कडेच्या पट्टीवर, आणि आमचा घरचा व्हीसीआर मोनो, त्याला ती पट्टीच वाचता यायची. म्हणजे आजीचा आवाज कॅसेटमध्येच होता आणि आम्ही दर मे महिन्यात पाहुणे जमले की सनई ऐकत बसायचो.

फक्त हे ओरिजिनल कॅसेटमध्येच सापडतं. बाबांनी खर्च नको म्हणून एडिटिंग करून घेतलं नव्हतं, कॅमेऱ्यातली कॅसेटच गाणी भरून घरी आली, त्याचं आज किती बरं वाटतंय काय सांगू. एडिट करून दुसऱ्या कॅसेटवर उतरवली असेल तर बहुतेक गाणीच मिळतील. पण मास्टर, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट, कोणाकडे असेल तर शोधा, शूटिंगवाल्याच्या घरी माळ्यावर सुद्धा असू शकते.

दुकानात देणार असाल तर हाय-फाय व्हीसीआर आहे का ते स्पष्ट विचारा आणि दोन्ही ट्रॅक वेगवेगळे घ्यायला सांगा. ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर बरोबर बसणं, नीट नसेल तर हाय-फाय घरघरतो आणि मशीन आपोआप लिनिअरवर जातं, म्हणून समोर बसून ऐका. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते, घाई करणाऱ्याकडे देऊ नका. आपल्याकडची व्हिडिओची पद्धत पाल (PAL), म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, तेवढंच घ्या, एचडी करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. एक मोठी फाइल कमी कॉम्प्रेस केलेली ठेवा, डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी वेगळी छोटी एमपीफोर. मिनीडीव्हीच्या (नंतरच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या) कॅसेट असतील तर त्या फायरवायर नावाच्या केबलनं कॉम्प्युटरवर घ्या, मुळातच डिजिटल असतात, जशाच्या तशा उतरतात. आणि काम झालं तरी कॅसेट फेकू नका!

आईनं आता ऐकून ऐकून सगळी मंगलाष्टकं वहीत उतरवली आहेत, फक्त एका ओळीत मागे बाळ रडतंय तिथे दोन शब्द लागत नाहीयेत, ते आत्याला विचारायचेत. तिच्याकडे कोपरखैरण्याला बारशाची पण एक कॅसेट आहे, ती कॉपी आहे का ओरिजिनल ते लेबलवरून कळत नाही, रविवारी आणून काकांकडे लावून बघणार आहे.