पहिला पाऊस, वेताळ टेकडी आणि मुंगळ्यांची राणी

घरी मुंगळ्यांची वसाहत पाळायची तर आधी राणी मुंगी लागते. मागच्या वर्षी ती मिळवायची म्हणून मी मुंगळ्यांचं एक बीळ उकरलं होतं. हातभर खोल गेले, माती ढासळली, अंडी-अळ्या तोंडात धरून मुंगळे सैरावैरा धावत सुटले. राणी मिळाली नाहीच. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून आधी हेच सांगते: राणीसाठी बीळ उकरू नका. ती हाती लागली तरी मागे उरलेलं अख्खं घर संपतं. आणि त्याची गरजही नसते, कारण पावसाळ्याच्या तोंडाला नव्या राण्या आपणहून बाहेर पडतात.

यंदा जूनमध्ये मनासारखा दिवस मिळाला. दुपारी पावसाने झोडपून काढलं, चारनंतर उघडीप, वारा पडलेला, हवेत दमट उकाडा. मी आणि माझा मामेभाऊ साडेपाचला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने पुण्यातली वेताळ टेकडी चढायला लागलो. देवळाच्या अलीकडे एका झाडाच्या बुंध्याशी मुंगळ्यांची धांदल दिसली. "ताई, इकडे बघ, पंखवाले!" बिळाच्या तोंडाशी बारीक डोक्याचे, सडपातळ नर येत होते, गवताच्या काडीवर चढून थांबत होते. त्यांच्यामागून दोन जाडजूड पंखवाल्या राण्या. आम्ही नुसतं पाहिलं. उडायच्या आधी उचललेली राणी फळलेली नसते. तिच्यापासून वसाहत उभी राहत नाही.

अंधार पडायच्या आत उतरलो. पाऊस झाल्यावर टेकडीवरची वाट निसरडी असते आणि तसंही शोधायची खरी जागा खालीच आहे: रस्त्यावरचे दिवे, पार्किंग, कंपाउंडच्या भिंतीची कड.

पहिल्या दिव्याखाली किड्यांचा नुसता खच पडला होता, पण ती सगळी वाळवी. इथे नवखा माणूस हमखास फसतो. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात, मिशा सरळ आणि कंबर जवळपास नाहीच. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा कोपरात वाकल्यासारख्या आणि कंबर दोऱ्यासारखी बारीक. आठपर्यंत आम्ही वाकून वाकून फिरलो, हाती काही लागलं नाही.

राणी सापडली ती आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वॉचमन काका विचारत होते, "ताई, काय पडलं का?" आणि तेवढ्यात भिंतीच्या कडेने ती चालत आली. एकटी. सगळ्यात मोठ्या मुंगळ्याहूनही लांब, काळी कुळकुळीत. पायांच्या वरचा, पाठीचा भाग फुगीर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पंख तुटल्याचे बारीक व्रण. ती थांबली, पुढच्या पायातून एक मिशी ओढून साफ केली, मग दुसरी. काकांनी स्वतःहून मोबाईलचा टॉर्च धरला.

मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं म्हणतात. नरांच्या बाबतीत ते खरं आहे. राणी मात्र मीलनानंतर पंख स्वतः मोडून टाकते आणि लपायला जागा शोधते. जमिनीवर चालणारी, पंख गळालेली, एकटी. आपल्याला हवी ती हीच.

बोटांनी चिमटीत धरू नका, पाय मोडतो. मी पुढ्यात पान धरलं, ती चढली, डबीत सोडली. एकच घ्या. अभयारण्यातून तर मुंगीही उचलू नका.

घरी टेस्ट ट्यूब तयार होती. तिसरा हिस्सा पाणी, वर कापसाचा घट्ट बोळा, तो पाण्याला टेकेपर्यंत दाबलेला. राणी आत सोडली की ट्यूबच्या तोंडाला कोरडा बोळा. ट्यूब आडवी ठेवून कापडात गुंडाळायची आणि कपाटात, जिथे हादरे बसत नाहीत अशा कप्प्यात ठेवायची. खायला काही द्यायचं नाही. मुंगळ्यांच्या राणीला आता पंखांचे स्नायू लागत नाहीत. ते विरघळतात आणि त्यावरच ती स्वतः जगते, पहिली पिल्लंही पोसते. खरी परीक्षा आपलीच. मी रोज उघडून बघत होते; पाचव्या दिवशी तिने अंड्यांचा पुंजका तोंडात धरून घाबऱ्याघुबऱ्या येरझाऱ्या घातल्या. उजेडाने, हादऱ्याने बिथरलेली राणी आपलीच अंडी खाते. तेव्हापासून आठवड्यातून एकदाच, तेही लाल जिलेटीन कागद लावलेल्या टॉर्चने बघितलं.

३४व्या दिवशी पहिली कामकरी मुंगी कोशातून निघाली. फिकट, इवलीशी, बागेतल्या मुंगळ्यांच्या निम्मीही नाही. दोन दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढा मधपाण्याचा थेंब ठेवला. जास्त ठेवला तर त्यात चिकटून मरतात. ती थेंबाशी बराच वेळ थांबली, पोट ताणलं गेलं, मग वळून राणीपाशी गेली आणि तोंडाला तोंड लावलं. महिन्याभरानंतर राणीच्या पोटात बाहेरचं पहिलं अन्न गेलं.