अर्ध्या गुणाची नदी

नागपूर, आठवी 'ब', साल १९९३. भूगोलाच्या वहीत मी 'नागनाला' लिहिलं. बाईंनी लाल शाईनं 'नाला' खोडून वर 'नदी' लिहिलं आणि अर्धा गुण कापला. वर्गातल्या बहुतेकांचा तो गेला. आम्ही तक्रार केली की घरी सगळे नालाच म्हणतात, रिक्षावालेही नालाच म्हणतात. बाई म्हणाल्या, "रविवारी सकाळी सहाला अंबाझरी तलावाच्या ओव्हरफ्लोपाशी या. डबा आणा."

मार्च होता. सांडव्याखालून निघालो आणि काठाकाठानं, जिथे काठ उरला नव्हता तिथे गल्ल्यांमधून, सीताबर्डीपर्यंत चालत आलो. लाव्याच्या टेकड्यांकडून येणारं पाणी अंबाझरीत थांबतं, तिथून शहरात शिरतं, पुढे पूर्वेला पिवळी नदी मिळते, मग कन्हान, मग वैनगंगा. हे बाई चालता चालता सांगत होत्या. ज्या नदीवरून आपल्या शहराला नाव मिळालं, तिच्यात आपण सकाळी काय सोडलं, हेही त्यांनी प्रत्येकाला विचारलं. मी गप्प राहिलो. दर गुरुवारी आजीच्या देवपूजेचं निर्माल्य पिशवीत बांधून पुलावरून टाकायचं काम माझंच होतं.

त्या दिवसाचा खरा धडा मात्र वेगळाच होता. काठावर राहणारी म्हातारी माणसं दिसली की बाई थांबायच्या आणि आम्हाला विचारायला लावायच्या, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं? एका आजोबांनी घराच्या भिंतीवर कमरेइतका हात ठेवला. "इथवर येते नं, बाबू. दरवर्षी नाही, पण येते." आम्ही वहीत नकाशा काढला आणि त्यात दोन रेघा ओढल्या. निळी उन्हाळ्यातल्या पाण्याची, तांबडी लोकांनी दाखवलेल्या पाण्याची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बाईंनी लिहायला सांगितलं, 'ही जागा नदीची.' ऑगस्टमध्ये पुन्हा नेलं तेव्हा पाणी तांबड्या रेघेच्या बरंच जवळ होतं.

पुढच्या गुरुवारी मी आजीला नाही म्हणालो. ती चिडली. "मग काय कचऱ्यात टाकू काय देवाचं फूल?" मी अंगणातल्या जास्वंदीखाली खड्डा केला. आजी तिथे उभं राहून बघत राहिली, काही बोलली नाही. पावसाळ्यानंतर जास्वंद फुलली तेव्हा मात्र तीच शेजारणींना खड्डा दाखवू लागली. मला आजही वाटतं, आजीला पटवलं ते माझ्या बोलण्यानं नव्हे, त्या जास्वंदीनं.

शाळेत पर्यावरण हा विषय सक्तीचा असावा असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच म्हटलं होतं आणि २००३ साली ते पुन्हा सांगावं लागलं, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या मुलीला आता या विषयाची वेगळी वही आहे. तिला प्रदूषणाचे प्रकार तोंडपाठ आहेत. नाग नदी कुठून येते, हे मात्र तिला गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण तिला अंबाझरीला नेऊन दाखवणं माझ्याच हातात होतं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडली आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीचा भाग पाण्याखाली गेला. माणसं दगावली. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं तळमजल्यावरचं सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर मी माळ्यावरून आठवीची वही काढली. त्यांचं घर तांबड्या रेघेच्या आत होतं. घर घेताना त्यांना कुणी हे सांगितलं नव्हतं, आणि वही माझ्याकडे असून मीही कधी उघडून दाखवली नव्हती. त्या दुपारी मी बराच वेळ ती वही धरून बसलो होतो.

त्यानंतरच्या रविवारी मी मुलीला घेऊन सांडव्यापासून सीताबर्डीपर्यंत चाललो. भिंतींवर चिखलाची रेघ ताजी होती. तिनं ती तिसऱ्या रंगानं, हिरव्या पेन्सिलीनं, माझ्याच नकाशावर काढली.

ती वही मी सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या भूगोलाच्या कपाटासाठी देत आहे. नकाशाच्या पुढची पानं कोरी आहेत. यंदाच्या आठवीच्या मुलांना जूनमध्ये काठावर न्यावं आणि त्यांची रेघ त्यांनी स्वतः, तिथल्या लोकांना विचारून ओढावी, एवढी विनंती बाईंच्या वतीनं करतो.