चेक सगळ्यात शेवटी येतो

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या पूर्व भागातल्या लॅटिनो मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देणारं एक छोटं फाउंडेशन आहे. नोकरी सांभाळून मी त्यांचं काम करते. अर्ज वाचायचे, मुलाखतींना बसायचं आणि आपल्याकडे सोपवलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी कॉलेज सुरू होईपर्यंत उभं राहायचं. यातलं शेवटचं काम बाहेरच्यांना दिसत नाही. वार्षिक कार्यक्रमात फोटो निघतो तो चेकचा. पण चेक सगळ्यात शेवटी येतो आणि मुलं गळतात ती त्याच्या आधीच, फॉर्म भरता भरता. २०२३-२४ या वर्षात हे मी फार जवळून पाहिलं, म्हणून त्याच वर्षाबद्दल लिहितेय.

माझ्याकडे आलेली मुलगी तेव्हा बारावीत होती. वडील घरांच्या छपरांची कामं करतात, आई रात्री ऑफिसांची साफसफाई करते. दोघं मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेले; इथे राहण्याची कागदपत्रं नाहीत. मुलीचा आणि तिच्या दोन धाकट्या भावंडांचा जन्म इथलाच, त्यामुळे ती तिघं अमेरिकेची नागरिक. कॅलिफोर्नियात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आईवडील आयटीआयएन नंबरवर, म्हणजे फक्त टॅक्ससाठी मिळणाऱ्या नंबरवर, नेमाने टॅक्स भरतात. त्याचे सगळे कागद आईने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्षवार लावून, रबर बांधून ठेवले होते. त्या डब्याने पुढे आमची बरीच धावपळ वाचवली.

सुरुवात निबंधांपासून झाली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या अर्जात आठ प्रश्न असतात. त्यातले चार निवडून प्रत्येकाचं उत्तर ३५० शब्दांच्या आत लिहायचं, मुदत नोव्हेंबरअखेर. तिच्या अर्जात शाळेबाहेरच्या उपक्रमांची जागा कोरी होती. मी म्हटलं, "काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते सांग." भावंडांना शाळेतून आणलं. भात आणि फ्रिहोलेस, म्हणजे शिजवलेला राजमा, गरम करून वाढले. भाडेवाढीचं पत्र आलं होतं ते वडिलांना स्पॅनिशमध्ये समजावलं आणि घरमालकाला इंग्रजीत उत्तर लिहिलं. आईची दवाखान्याची अपॉइंटमेंट फोन करून बदलून घेतली. मग गणिताचा गृहपाठ. "हेच लिही," मी म्हटलं. तिला पटेना. "हे तर सगळेच करतात." तिच्या वर्गातली बहुतेक मुलं खरंच करतात आणि म्हणूनच ते कुणी अर्जात लिहीत नाही.

शेवटी तिने भाडेवाढीच्या पत्रावर लिहिलं. बारा वर्षांची असताना असं पहिलं पत्र वाचलं तेव्हा एका शब्दाचा अर्थ लागत नव्हता आणि वडील समोर वाट बघत उभे होते, एवढंच चार ओळींत. मी एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. त्यानंतर आमच्या निवड समितीत मी हा विषय लावून धरला. भावंडांना सांभाळणं, घरासाठी दुभाषाचं काम करणं, दुकानात संध्याकाळची पाळी करणं, यांना क्लबच्या अध्यक्षपदाइतकेच गुण मिळायला हवेत. आता आमच्या गुणपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

खरी कसोटी पुढे होती. अमेरिकेत केंद्र सरकारची शैक्षणिक मदत, त्यातही गरजू मुलांसाठीची आणि परत न करावी लागणारी पेल ग्रँट मिळवायची, तर फॅफ्सा नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्या वर्षी पेलची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. एरवी हा फॉर्म १ ऑक्टोबरला खुला होतो. पण तो सोपा करण्याचा कायदा झाला होता, त्यानुसार नवा फॉर्म बनत होता आणि तो आला डिसेंबर २०२३ च्या अगदी अखेरीस. आल्यावर देशभरातल्या कुटुंबांच्या लक्षात आलं की आईवडिलांना सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख नंबर, नसेल तर फॉर्म पुढेच सरकत नाही. मूल नागरिक आहे, मदतीचा हक्क कायद्याने आहे आणि पडद्यावर लाल अक्षरांत चूक दाखवतायत. मार्च उजाडेपर्यंत हे असंच राहिलं. आधीच बिचकत आलेल्या कुटुंबाला "थांबा, अजून थांबा" असं दर आठवड्याला सांगणं मला फार जड गेलं.

या काळात कॅलिफोर्नियाने एक चांगली गोष्ट केली. राज्याचा स्वतःचा ड्रीम ॲक्ट अर्ज आहे. तो मुळात कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. २०११ च्या कायद्यांनी त्यांना राज्याची मदत खुली झाली, त्यातून तो आला. त्या वर्षी राज्याने हा अर्ज अशा मिश्र घरांतल्या नागरिक मुलांनाही भरू दिला, म्हणजे फॅफ्सा अडकला तरी कॅल ग्रँटची, राज्याच्या मदतीची, मुदत हुकू नये. मुदतही २ मार्चची २ एप्रिल आणि मग २ मे केली. हे ज्यांना कुणी सांगितलं त्यांनाच कळलं. आम्ही आमच्या यादीतल्या प्रत्येक घरी फोन केला.

वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला, "हा कागद कुठे जातो?" जे माझ्या हातात नाही त्याचं आश्वासन द्यायचं नाही, हा नियम मी कसोशीने पाळते. ड्रीम ॲक्टचा अर्ज राज्याकडे राहतो, फॅफ्सा केंद्राकडे जातो. कुठल्या रकान्यात काय विचारलंय, काय विचारलेलं नाही, हे सगळं त्यांच्यासमोर ठेवलं. निर्णय त्यांनी घ्यायचा. दोन रात्री नवराबायको बोलत बसले आणि तिसऱ्या दिवशी आईचा निरोप आला, या.

फॅफ्सासाठी आईचं स्वतंत्र ऑनलाइन खातं लागतं. तेव्हा सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हटलं की ओळख पटवायला जुनी कर्जं, जुने पत्ते यांवर प्रश्न यायचे. जिने आयुष्यात रोखीनेच व्यवहार केला, तिच्या नावावर कुठलं कर्ज असणार? ओळख पटली नाही. मग ईमेलने केस नंबर आला आणि कागद पाठवावे लागले. मेक्सिकोचा पासपोर्ट चालत होता. वकिलातीचं ओळखपत्र असेल तर जोडीला विजेचं किंवा पाण्याचं बिल. पासपोर्टवर मेक्सिकोच्या पद्धतीप्रमाणे आईची दोन आडनावं, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. मुलीने फॉर्ममध्ये आईचं नाव लिहिताना एकच आडनाव टाकलं होतं, कारण शाळेत कायम तेच चालत आलेलं. दोन्हीकडे नाव, जन्मतारीख आणि पत्ता अक्षरशः जुळल्याशिवाय आईला फॉर्मवर सही करता येत नव्हती. रात्री नऊ वाजता, आई कामावर निघायच्या आधी, आम्ही तिघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पासपोर्टवरचं एकेक अक्षर पडद्यावरच्या अक्षराशी ताडून बघत होतो. पत्त्यातल्या 'अपार्टमेंट' शब्दाचं संक्षिप्त रूपसुद्धा. सही झाली तेव्हा आईने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पर्स उचलून कामावर गेली.

त्या टेबलाशी मला जिंतूरची तहसील कचेरी आठवत असे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माझे वडील मजुरी बुडवून तिथे बसायचे. कागद नसला की गरिबीसुद्धा सिद्ध करता येत नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रवेश दोन ठिकाणी मिळाला, घराजवळचं सॅन होजे स्टेट आणि यूसी मर्सेड. फॅफ्साच्या गोंधळामुळे त्या वर्षी यूसीने निर्णयाची तारीख १ मे वरून १५ मे केली होती. मुलीला मर्सेडला पर्यावरण अभियांत्रिकी करायची होती. घरातून पोरगी दोन-अडीच तासांच्या अंतरावर एकटी राहायला जाणार, या गोष्टीवर बरीच रडारड आणि अबोला झाला. मी तिथे तोंड उघडलं नाही. फक्त हिशेब मांडून दिला. तेव्हा ८० हजार डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कॅलिफोर्नियाच्या घरांसाठी यूसीची योजना होती, त्यात मुख्य फी भागायची. राहणं आणि जेवण उरतं. ते बरंच असतं. आमची शिष्यवृत्ती खरी लागते ती याच जागी.

इथे एक पेच असतो, तो देणगीदारांना सांगावा लागतो. बाहेरची शिष्यवृत्ती आली की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढीच कमी करतात. म्हणजे दात्याचा पैसा पोराच्या हातात न पडता कॉलेजची बचत होते. कॅलिफोर्नियाने कायदा करून २०२३-२४ पासून पेल किंवा ड्रीम ॲक्टची मदत मिळू शकणाऱ्या मुलांसाठी ही कपात रोखली आहे. बाहेरच्या मदतीसकट सगळी रक्कम एकूण खर्चाच्या वर गेली तरच कॉलेजला आपल्या मदतीला कात्री लावता येते. राज्याबाहेर गेलेल्या मुलांना या कायद्याचं कवच नाही. त्यामुळे आम्ही चेक पाठवण्याआधी मदत कार्यालयाला लेखी विचारतो आणि गरज पडली तर हप्ते पुढच्या सत्रात ढकलतो.

जून-जुलै हे सगळ्यात धोक्याचे महिने. शाळेचे समुपदेशक सुट्टीवर गेलेले असतात, कॉलेज अजून सुरू झालेलं नसतं आणि ईमेलमागून ईमेल येतात. वसतिगृहाची अनामत, लसीकरणाचे दाखले, ओरिएंटेशन. यूसीत आरोग्य विमा आपोआप बिलात लागतो. मेडी-कॅलसारखा (गरजूंसाठीचा राज्याचा) किंवा दुसरा स्वतःचा विमा असेल तर मुदतीत माफीचा अर्ज करायचा, नाहीतर हजारो डॉलर अंगावर. ज्या घरात याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, त्या घराला हे कोण सांगणार? एका अनामत रकमेसाठी जागा सोडून दिलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून आम्ही आता शिष्यवृत्तीतला थोडा भाग जूनमध्येच देतो आणि काही रक्कम दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवतो. पहिल्या वर्षाला टाळ्या असतात. दुसऱ्या वर्षी भाडं वाढतं, वडिलांचं काम मंदावतं आणि तेव्हा विचारायला कुणी येत नाही.

हे काम कॅलिफोर्नियात नवं नाही. आज देशभर पसरलेल्या हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंडाची सुरुवात अर्नेस्ट रोब्लेस यांनी १९७५ साली याच राज्यात केली. शेतमजुरांचे नेते सेसार चावेझही एके काळी पूर्व सॅन होजेतच राहत होते आणि शेतमजुरांच्या संघटनेआधीच्या त्यांच्या लोकसंघटनाच्या कामाची सुरुवात इथलीच.

आमच्या मराठी मित्रमंडळींत देणगी मागायला गेले की कुणीतरी विचारतं, "आपल्या मुलांसाठी का नाही?" मी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून शिकले. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली उभी केलेली ही संस्था. माझ्या जेवणाचा खर्च ज्यांनी उचलला ते माझ्या गावचे नव्हते, जातीचे नव्हते, त्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं. शिवाय आपण ज्या घरांत राहतो त्यांची छपरं या मुलांच्या बापांनी घातलीयत. हे सांगितलं की बहुतेक जण चेकबुक काढतात. काहींच्या कंपन्या तितकीच रक्कम वर घालतात.

मुलगी मर्सेडला गेली. गेल्या वर्षीपासून आमच्या यादीतल्या नव्या मुलांना तीच फोन करते, स्पॅनिशमध्ये, आणि आयांशी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलते. आईवडिलांना देशाबाहेर काढतील ही भीती मात्र त्या वर्षापेक्षा वाढलीय. काही घरं फॅफ्सा भरायलाच तयार नसतात आणि त्यांच्यावर जोर करण्याचा अधिकार आम्हाला नाही. मग राज्याच्या मदतीतून काय निघतं ते बघतो आणि उरलेल्यासाठी फाउंडेशनचा निधी ताणतो.

फेब्रुवारीत अर्जांचे गठ्ठे येतात आणि दरवर्षी वाचणारे कमी पडतात. स्पॅनिश येत नसलं तरी चालतं. दोन-तीन शनिवार आणि नीट वाचायची तयारी लागते. बे एरियातल्या, म्हणजे सॅन होजे-सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या कुणाला जमणार असेल तर जानेवारीतच आपल्या भागातल्या एखाद्या अशा फाउंडेशनला विचारा. गुण कसे द्यायचे याचं प्रशिक्षण तेव्हाच होतं.